काचबिंदू आणि रोजचा एक थेंब

नमस्कार श्रोतेहो. ओपीडीत एक वाक्य मला वरचेवर ऐकायला मिळतं: "बाटली संपली, फरक काही पडला नाही, म्हणून पुन्हा आणली नाही." बोलणाऱ्याचं खोटं नसतं. काचबिंदूच्या थेंबांनी नजर सुधारतच नाही. आहे तेवढी टिकावी म्हणून ते घालायचे. आता टिकलेली नजर जाणवणार तरी कशी?

आपल्या डोळ्यात सतत एक पाण्यासारखा द्रव तयार होत असतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. बुबुळाच्या कडेला बारीक जाळी असते, तिच्यातून तो निचरतो. मोरीच्या जाळीत केस अडकले की पाणी तुंबतं, तसं इथे झालं की आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू मरू लागतात. हाच काचबिंदू. ते पुन्हा उगवत नाहीत. दाब साधारण 10 ते 21 (पाऱ्याचे मिलिमीटर) असावा असं म्हणतात, पण 21 ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. कुणाची नस 17 लाही खराब होते, कुणाची 24 ला ठणठणीत राहते.

बहुतेकांची नजर कडेकडेने जाते, तीही न दुखता. पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो. बाजूने आलेली मोटारसायकल मात्र दिसत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं समजू नका. दाब मोजावा लागतो, नस पाहावी लागते, आणि शंका आली तर फील्ड टेस्ट, म्हणजे कडेचं कुठवर दिसतं याची तपासणी. यंत्रात हनुवटी टेकवायची, ठिपका चमकला की बटण दाबायचं. पेशंट यात हमखास रडकुंडीला येतात. घाबरू नका, निरोगी माणसालाही त्यातले बरेच ठिपके दिसत नाहीत. ते मुद्दामच इतके फिके ठेवलेले असतात.

चाळिशीनंतर सगळ्यांनीच तपासून घ्यावं. सख्ख्या भावाबहिणीला किंवा आईवडिलांना काचबिंदू असेल तर नक्कीच. मेडिकलमधून स्वतःच स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणाऱ्यांनीही. डोळ्याची खाज थांबते आणि दाब चढत राहतो.

एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो. डोळा लाल, कपाळ फुटेल असं दुखणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी. पित्त समजून घरी लिंबूपाणी पीत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांचा दवाखाना गाठा.

आता थेंब. खालची पापणी ओढा, एकच थेंब टाका; दुसरा गालावरच ओघळतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. त्याने औषध नाकात उतरून रक्तात जाणं कमी होतं. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण टिमोलॉलसारख्या थेंबांनी धाप वाढू शकते. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यावर महिन्याभरातच टाकून द्यायच्या असतात.

थेंबांनी भागत नसेल तर लेसर आहे, शस्त्रक्रिया आहे. दोन्ही दाब उतरवायला. गेलेली नजर त्यांनीही परत येत नाही. म्हणून मोतीबिंदूबाबत पूर्वी म्हणायचे तसं "पिकू द्या, मग बघू" इथे चालत नाही.

आणि हो, तपासणीला येताना थेंब घालूनच या. "खरा दाब कळावा" म्हणून काही जण त्या दिवशी मुद्दाम घालत नाहीत. आम्हाला औषधासकटचाच दाब बघायचा असतो. चालू असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीतून आणा. "निळ्या झाकणाची" एवढ्यावरून औषध ओळखायला सांगितलंत तर आम्ही तरी काय करणार! नमस्कार.