सीसॉ आडवा का थांबत नाही?

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘तरफेचे तत्त्व’ असा छापला आहे. मी कार्यवाहांना सांगितलं होतं, ‘सीसॉ’. व्याख्यानमालेला तो शब्द शोभत नाही असं त्यांना वाटलं असावं. असो. पुढे चटईवर बसलेली मुलं आत्ता बाहेरच्या आवारात त्याच सीसॉवरून उतरून आली आहेत, तेव्हा त्यांना विषय कळलेला आहे. प्रश्न उरला आपला.

शाळेत झालेला भाग झटपट उरकतो. बाय, तू ये पुढे. ही माझी लाकडी फूटपट्टी, 30 सेंटीमीटरची. खोडरबराच्या धारेवर तिचा 15 चा आकडा ठेवला; ही धार म्हणजे आपला टेकू. आता पाच रुपयांचं एक नाणं 3 वर ठेव. टेकूपासून 12 सेंटीमीटर. दुसऱ्या बाजूला तीन नाण्यांची चळत. कुठे ठेवशील? ...19 वर. बरोबर, 4 सेंटीमीटरवर. एक गुणिले बारा, तीन गुणिले चार. वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, हे दोन्हीकडे सारखं झालं की तोल. पाठ्यपुस्तकात या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने हा नियम सिद्ध करून दाखवला. त्याची सुरुवात अगदी साध्या गृहीतावरून होती: सारखी वजनं सारख्या अंतरावर असली की तोल राहतो.

हिचं वजन 25 किलो, माझं 75. ही टेकूपासून दीड मीटरवर बसली तर मी अर्ध्या मीटरवर बसायचं. पण फुकट काही मिळत नाही हं. ही 60 सेंटीमीटर वर जाईल तेव्हा मी 20 च सेंटीमीटर खाली येईन. 25 गुणिले 60 आणि 75 गुणिले 20, दोन्ही 1500. माझा बोजा तिला हलका झाला, पण तेवढी जास्त वाट तिला चालावी लागली.

माझ्या आजोबांच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, विहिरीवर लाट होती. उभा खांब, त्यावर आडवा वासा, एका टोकाला पोहरा आणि दुसऱ्याला बांधलेला दगड. रिकामा पोहरा खाली ओढताना दगड उचलला जायचा, म्हणून मला लहानपणी वाटायचं, आजोबा उगाच दुप्पट मेहनत करतात. भरलेला पोहरा वर येताना उलगडा व्हायचा. पाणी 16 किलो आणि दगडाचा जोर 8 किलोचा असला, तर माणसाला जातानाही 8 आणि येतानाही 8. शिवाय खाली ओढताना अंगाचा भार कामी येतो. कंबर वाचते.

आता खरा मुद्दा. ही फूटपट्टी तोलून धरायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, पाहिलंत ना? आणि आत्ता मी नुसती फुंकर घातली... पडली. नियम पाळलेला असूनही पडली. सारख्या वजनाची दोन मुलं सीसॉवर बसवा, फळी आडवी करून सोडा. नियमाप्रमाणे थांबायला हवी. थांबत नाही, कुणीतरी एक खाली जातोच.

कारण मुलं फळीच्या वर बसतात. त्यांच्या अंगाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, फळीपासून साधारण वीतभर, समजा 25 सेंटीमीटर, उंच असतो. फळी 15 अंश कलली आणि मुलं तिच्याबरोबर ताठ कलली, तर खालच्याचा गुरुत्वमध्य सहा-साडेसहा सेंटीमीटर बाहेर सरकतो आणि वरच्याचा तेवढाच आत. खालच्याचं अंतर वाढलं, वरच्याचं घटलं. खाली गेलेला आणखी खाली जातो. म्हणून वर अडकलेलं मूल मागे रेलतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारातली जुनी तागडी याच्या उलट. तिच्या दांडीचा गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित खाली ठेवलेला असतो, म्हणून ती डुलून डुलून आडवी येते. गिऱ्हाइकाला तोल हवा असतो. मुलांना तोल मिळाला तर खेळच संपेल; खाली गेलेला पायाने जमिनीला रेटा देतो, जमीन त्याला वर ढकलते, तेवढ्यावर सगळी गंमत चालते.

मात्र इथे आडवे थांबणारे सीसॉ मी पाहिले आहेत. चार महिने पाऊस झाला की लोखंडी आस गंजतो, आणि दोन मुलांचा छोटासा फरक घर्षण गिळून टाकतं. आमच्या वाड्यावरचा असाच थांबायचा. मी खोबरेल तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण तक्रार घेऊन आली, ‘भाऊ, पोरं धाडकन आपटतात.’ दोष तेलाचा नव्हता, पण ऐकतंय कोण!

आपटण्यावरून सांगतो. हनुवटीवरचा हा व्रण सत्तावन्न वर्षांचा आहे. मी वर होतो आणि आतेभाऊ न सांगता उतरला. 90 सेंटीमीटरवरून खाली येताना वेग सेकंदाला चार मीटरच्या आसपास जातो, म्हणजे रमतगमत चालवलेल्या सायकलचा. तो वेग दगडी जमिनीवर दोन सेंटीमीटरच्या आत थांबला, तर अंगावर येणारा झटका वजनाच्या चाळीस पट. टोकाखाली अर्धं पुरलेलं जुनं टायर दहा सेंटीमीटर दबलं, तर आठ पट. वेग तोच, थांबायला जागा पाचपट. बागेत टायर पुरतात ते याचसाठी, भंगार लपवायला नव्हे.

आवारातल्या सीसॉखाली टायर नाहीत, मी येतानाच पाहिलं. कार्यवाह, दोन जुनी टायरं मिळतील का उद्यापर्यंत? तेलाची बाटली माझ्या पिशवीत आहे, पण ती टायर आल्यावरच काढीन. तोवर बाय, तू टोकाला बस, मी अर्ध्या मीटरवर बसतो. आणि उतरायच्या आधी मला सांग.