पुरणपोळीवरचं तूप जातं कुठे?

नमस्कार मंडळी, झाली का जेवणं? एक गंमत सांगतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला जायचं होतं, उपाशी पोटी या असं बजावलेलं, आणि मी साफ विसरून सकाळी उरलेल्या तीन पुरणपोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या नि अकराच्या सुमारास लॅबमध्ये हजर. थोड्या वेळाने तिथल्या मुलीने ट्यूबच दाखवली, खाली लाल रक्त बसलेलं आणि वर जे पिवळसर, स्वच्छ पाणी दिसायला हवं ते पातळ ताकासारखं पांढुरकं. म्हणाली, "काका, काय खाऊन आलात?"

तर ते माझं तूपच होतं.

आता तुपाची वाटी नुसत्या पाण्याने धुवून बघा, नाही ना निघत? आतड्यातसुद्धा तीच पंचाईत, सगळा कारभार पाण्याचा आणि तूप पडलं हट्टी. जठरात थोडंफार पचतं, पण खरं काम पुढे लहान आतड्यात, तिथे तूप पोचलं की कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं नि पित्ताशय आवळून पित्त सोडतं. आपण "पित्त झालंय" म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं ॲसिड असतं हां, हे खरं पित्त लिव्हर बनवतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि ते काम करतं भांड्याच्या साबणाचं, मोठ्या थेंबाचे बारीक बारीक थेंब. मग स्वादुपिंडातलं लायपेज नावाचं पाचक द्रव्य त्या थेंबांवर बसून फॅटचे तुकडे पाडतं. पित्ताशय काढलेले लोक विचारतात, आता आमचं तूप पचणार कसं? अहो, पित्त लिव्हर बनवतं, पित्ताशय नुसतं साठवतं, त्यामुळे बहुतेकांचं चालून जातं. शिवाय पित्तातले क्षार लहान आतड्याच्या शेवटी जवळजवळ ९५ टक्के परत शोषले जातात, पुन्हा लिव्हरकडे, पुन्हा वापरात, साबण फुकट घालवत नाही शरीर.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. इतक्या मेहनतीने पाडलेले तुकडे आतड्याच्या पेशीत शिरतात आणि आत गेल्यावर पेशी ते परत जोडते! वर प्रोटीनचं वेष्टण घालून कायलोमायक्रॉन नावाचे गोळे करते. साखर, प्रोटीनचे तुकडे रक्तातून थेट लिव्हरला जातात, पण हे गोळे पडले मोठे, केशवाहिनीत मावत नाहीत, म्हणून ते लसिकेच्या (लिम्फ नावाच्या पातळ द्रवाच्या) नळ्यांतून आडवाटेने निघतात, छातीतून वर चढतात आणि डाव्या बाजूला मानेच्या तळाशी शिरेत उतरतात. म्हणजे पोटातलं तूप आधी मानेपाशी! (खोबरेल तेलातला काही भाग मात्र मध्यम लांबीच्या साखळ्यांच्या फॅटचा, तो सरळ लिव्हरला जातो.)

या नळ्या इटलीतल्या गास्पारे असेली या डॉक्टरने १६२२ मध्ये भरपेट जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात बघितल्या, पांढरे दोरे दिसले, त्याला आधी वाटलं मज्जातंतू असतील, टोचून पाहिलं तर दुधासारखं पाणी आलं.

माझ्या ट्यूबमधलं ताक म्हणजे तेच गोळे, जेवणानंतर काही तास रक्तात फिरतात, मग स्नायू नि चरबीच्या पेशी त्यातलं फॅट उचलून घेतात. दोन दिवसांनी परत गेलो, चहासुद्धा न घेता. ट्यूब एकदम स्वच्छ. ती मुलगी म्हणाली, "आज पोळ्या संपल्या वाटतं!"