टेप उठायच्या आधी

हा आवाज ऐका जरा. पाचशे सीसीची बाईक, टाकीत पेट्रोल नाही तर मिथेनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक? ब्रेक नाहीचेत. चार रायडर, चार राउंड, साधारण मिनिटभरात खेळ खल्लास. वळणावर डावा पाय मातीला टेकवून अख्खी बाईक आडवी घसरवत न्यायची, म्हणून त्या बुटाला खालून लोखंडी तळ बांधलेला असतो, नाहीतर बुटाचं काय होईल विचार करा.

ह्याला म्हणतात स्पीडवे. आणि पोलंडमध्ये लोक ह्याच्यापायी अक्षरशः वेडे आहेत.

ही गोष्ट मारेक चेश्लाकची. जन्म १९५० चा, क्लब चेन्स्तोहोवाचा. हे शहर एरवी माहितीये ते तिथल्या काळ्या मेरीच्या चित्रामुळे, ऑगस्टमध्ये लोक तिकडे पायी जातात, आपली वारीच समजा. क्लबचं नाव व्लुक्न्याश, म्हणजे कापड कामगार, आपल्या भाषेत गिरणी कामगारच की! १९७४ ला हा क्लब पोलंडचा चॅम्पियन झाला, तेव्हा चेश्लाक टीममध्ये होता. मग १९७७ ला गडी थेट लंडनला, व्हाइट सिटी स्टेडियमवर. तेच ते १९०८ च्या ऑलिम्पिकचं स्टेडियम. कम्युनिस्ट पोलंडमधून बाहेर जाऊन रेस मारणं सोपं नव्हतं त्या काळात, आणि त्याच सीझनला त्याच्या व्हाइट सिटी क्लबने ब्रिटिश लीग मारली.

देशाकडून खेळताना मात्र सोनं काही हाती लागलं नाही. टीमच्या वर्ल्ड कपमध्ये १९७६ ला पोलंड दुसरा, १९७७ ला परत दुसरा.

आता इथे थांबा आणि हाच माणूस पुढे कोच झालेला बघा. रेसच्या आधी स्पीडवेचा कोच काय करतो? टाच मातीत दाबून बघतो. पाणी जास्त झालंय का, आतली लेन कडक आहे की बाहेरची, दहाव्या हीटपर्यंत, म्हणजे मॅचमधल्या दहाव्या रेसपर्यंत, माती उडून उडून कुठे जाऊन साठणार. कारण स्टार्टच्या गेटवर रायडर्ससमोर टेप ताणलेली असते, ती वर गेली की रेस सुरू, आणि कोचच्या हातात शून्य. टाइमआउट नाही, मैदानाबाहेरून ओरडून उपयोग नाही, त्या आवाजात ऐकणार कोण. पोलिश लीगमध्ये शेवटच्या दोन हीटना कोणाला उतरवायचं ते कोच ठरवतो, आणि माझ्या मते कोचची खरी परीक्षा तिथेच असते, रागावलेल्या स्टारला बसवून ठेवायची हिंमत लागते.

चेश्लाककडे ती होती. व्रोत्सवाफ २००६, झेलोना गुरा २०११, तार्नुफ २०१२, तीन वेगवेगळ्या क्लबना त्याने लीग जिंकून दिली. पण लोकांना आठवते ती नॅशनल टीम. २००७ ला लेश्नोमध्ये, घरच्या मातीवर, तोमाश गोलोब वगैरे रायडर मंडळी घेऊन त्याने वर्ल्ड कप मारला. मग २००९, २०१०, २०११. २०१२ गेला डेन्मार्ककडे. २०१३ ला प्रागमध्ये समोर परत डेन्मार्कच, आणि शेवटी हिशोब लागला ४१ विरुद्ध ४०, एक पॉइंट! म्हणजे कुठल्यातरी हीटमध्ये कोणीतरी चौथ्याऐवजी तिसरा आला, एवढाच फरक.

२०१६, मँचेस्टर. सहावा कप.

आणि मग २०१७, परत लेश्नो. दहा वर्षांपूर्वीच्या टीममधलं कोणीच नाही आता, ही सगळी नवी पोरं, यानोव्स्की, दुदेक, झ्मार्झलिक. तीच माती, तोच कोच. चार बाईक गेटला लागल्यात, मागचं चाक जागच्या जागी थरथरतंय.

टेप उठली.