सुकाणू कधी, मोटर कधी

मंडळी, रिमोटवर चालणारी दोन मोटरची बोट घेऊन तळ्यावर येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. सरळ झकास पळते, पण वळवायला गेलं की ऐकत नाही. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: सुकाणू मोठं करा. माझ्या मते बहुतेक वेळा दोष सुकाणूच्या आकारात नसतोच, तो त्याच्या जागेत असतो.

सुकाणूचा जोर त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून येतो. एकच पंखा (प्रोपेलर) असेल तर सुकाणू बरोबर त्याच्या मागे असतं. पंख्याचा झोत थेट त्याच्यावर जातो, म्हणून बोट जवळजवळ उभी असतानाही थोडा थ्रॉटल (मोटरला वेग) दिला की पिछाडी सरकते. पंखे दोन केले की ते डावी-उजवीकडे जातात. मधोमध राहिलेल्या एकट्या सुकाणूच्या दोन्ही बाजूंनी झोत निघून जातात आणि ते संथ पाण्यात नुसतं हलत राहतं. घरी तपासून बघा. सुकाणूच्या मागच्या कडेला लोकरीचा बोटभर धागा चिकटवा, बोट टबात हाताने धरा आणि पंखे हळू फिरवा. धागा ताठ मागे गेला तर ठीक. लुळा पडला, तर सुकाणू दुप्पट करूनही फारसा फरक पडायचा नाही.

टायटॅनिकचं मॉडेल करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. त्या जहाजाला तीन पंखे होते. सुकाणू मधल्या पंख्यामागे होतं आणि तो पंखा टर्बाइनवर चालायचा. टर्बाइन उलटी फिरत नव्हती. म्हणजे इंजिनं मागे फिरवायची तर मधला पंखा थांबायचा आणि सुकाणूवरचा झोतही गेला. मॉडेलमध्ये पैसे वाचवायला मधला पंखा शोभेपुरता ठेवतात, तेव्हा ही अडचण कायमचीच होते.

आता इलाज. पहिला साधा: प्रत्येक पंख्यामागे एक, अशी दोन सुकाणू बसवा आणि एकाच सर्व्होने (सुकाणू फिरवणाऱ्या छोट्या मोटरने) जोडा. पण बोट मागे घेताना हाही इलाज लंगडा पडतो, कारण तेव्हा पंखे पाणी पुढे ढकलतात आणि सुकाणूच्या वाट्याला काही येत नाही. तिथे मोटरच कामाला लावाव्या लागतात. बैलगाडी वळवताना आतला बैल थोपवायचा आणि बाहेरचा हाकायचा, तसंच हे. वळवणारा जोर म्हणजे दोन पंख्यांच्या रेट्यातला फरक गुणिले त्यांच्यातलं निम्मं अंतर. म्हणून रुंद टगबोट किंवा कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) जागच्या जागी गरकन फिरते, आणि लांब, निमुळत्या युद्धनौकेचं मॉडेल फिरता फिरत नाही.

आपल्या छंदात हळू चालवण्याला महत्त्व का आहे, तेही सांगतो. मॉडेलच्या लाटा खऱ्या जहाजासारख्या दिसायच्या तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करायचा असतो. हा इंग्लिश जहाज-अभियंता विल्यम फ्रूडचा नियम. 1:72 च्या मॉडेलला 20 नॉट्सचं जहाज दाखवायचं असेल, तर वेग सेकंदाला जेमतेम 1.2 मीटर. हा झाला पूर्ण वेग. धक्क्याला लावताना तर त्याच्याही कितीतरी खाली, आणि तिथे मोटर सुकाणूपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

दोन्ही मोटर एका स्टिकवर आणायला मिक्सिंग लागतं. डावी मोटर म्हणजे थ्रॉटल अधिक वळण, उजवी म्हणजे थ्रॉटल वजा वळण. विमानांच्या ट्रान्समीटरवर एलेव्हॉन नावाने हेच असतं. इथे लोक मिक्सिंग, म्हणजे त्यातला वळणाचा वाटा, शंभर टक्के ठेवतात आणि फसतात. बोटीतला रिसीव्हर मोटरला पाठवतो त्या सिग्नलच्या लांबीचा मध्य 1500 मायक्रोसेकंद, पुढची टोकाची हद्द 2000 आणि मागची 1000. बोट पूर्ण वेगात आहे, दोन्ही मोटर 2000 वर. तुम्ही उजवीकडे पूर्ण स्टिक मारलीत. डाव्या मोटरला 2500 हवेत, पण ती 2000 च्या पुढे जाऊच शकत नाही. उजवी मात्र 1500 वर येते, म्हणजे बंद. भर वेगात एक मोटर अशी पटकन बंद झाली की हलकी बोट झोकांडी खाते. तेच 30 टक्के ठेवलंत तर उजवी 1850 वर येते आणि उरलेलं काम सुकाणू करतं. वेगात त्याला भरपूर पाणी मिळतच असतं. उभ्या बोटीला मात्र 30 टक्के अपुरे पडतात. म्हणून मिक्सिंग एका स्विचवर घ्या: धक्क्यापाशी पूर्ण, मोकळ्या पाण्यात थोडं.

एवढं करूनही बोट जागेवर फिरत नसेल, तर स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग आणि दिशा सांभाळणारा भाग, बघा. दुकानात सर्रास मिळतात ते रिमोटच्या गाड्यांचे. त्यांत स्टिक पहिल्यांदा मागे ओढली की ब्रेक लागतो; मध्यावर आणून पुन्हा ओढली की मग रिव्हर्स. गाडीला ते योग्यच आहे. बोटीत मात्र बाहेरची मोटर पुढे रेटते, आतली नुसती अडून बसते, आणि बोट जागेवर फिरण्याऐवजी मोठा वळसा घेत पुढे जाते. थेट रिव्हर्स देणारा कंट्रोलर घ्या, किंवा सेटिंगमध्ये सोय असेल तर ब्रेक बंद करा. दोन्ही कंट्रोलर रिसीव्हरला 5 व्होल्ट देत असतील तर एकाची लाल वायर प्लगमधून काढून टेप लावून ठेवा. दोघांनी एकाच वेळी वीज पुरवायचं कारण नाही.

पंख्यांच्या दिशेबद्दल थोडं. एक उजवा, एक डावा असे पंखे घ्या, नाहीतर बोट सतत एकीकडे ओढते. मागून बघताना, पुढे जाताना उजवा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि डावा उलट फिरला पाहिजे. असे बाहेर फिरणारे पंखे जागेवर वळताना पिछाडीला हव्या त्याच बाजूला ढकलतात. आतल्या बाजूला फिरणारे त्याच्या विरुद्ध ओढतात. मोटर ब्रशलेस असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की तिची दिशा बदलते. पंखेही अर्थात त्याच हिशेबाने लावायचे.

एक चिठ्ठी आलीय: सुकाणू काढूनच टाकलं तर चालेल का? चालतं. पाण्याची खोली मोजणाऱ्या कितीतरी छोट्या स्वयंचलित बोटींना सुकाणू नसतंच. अशा बोटी चालवणाऱ्या आर्डूपायलट या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या आणि उजव्या मोटरसाठी 73 आणि 74 ही फंक्शन्स तयार आहेत. सर्व्हो नको, त्याची दांडी जिथून बाहेर येते ते भोकही नको, म्हणजे तिथून पाणी शिरायची भीती नाही. अडचण एकच. तळ्याच्या मध्यावर एका पंख्यात शेवाळ अडकलं तर उरलेली मोटर बोटीला नुसती गोल गोल फिरवते आणि कुणाला तरी पोहत जावं लागतं. सुकाणू असेल तर ते विरुद्ध बाजूला थोडं धरून, एका मोटरवर, हळूहळू काठाला येता येतं. म्हणून मी तरी ते ठेवतो.