टायर बोलायचे थांबले की

श्रोतेहो, नमस्कार.

वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाताना आपण ज्या रस्त्यावर असतो, तो राष्ट्रीय महामार्ग ४४. तोच उत्तरेकडे धरला की सिवनी, झाशी, दिल्ली, जम्मू करत थेट श्रीनगरला पोचतो. माझा वाडीला ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. नागपूरच्या कळमना बाजारात येणारं काश्मीरचं सफरचंद कितीतरी वर्षं आमच्या गाड्यांनी आणलं. म्हणून नागपुरात बसून बर्फाबद्दल बोलायचं धाडस करतो आहे.

काश्मीर-हिमाचलात हिवाळ्यात बर्फ पाडतो तो पश्चिमी चक्रावात. भूमध्य समुद्राकडून निघतो, इराण-अफगाणिस्तानावरून आपल्या पहाडांवर येऊन आदळतो. त्याचंच शेपूट कधी विदर्भापर्यंत पोचतं. मग काटोल-नरखेडला संत्र्याच्या आंबिया बहारावर गारा पडतात. तो यायच्या आधी ढग भरतात, रात्र उबदार होते. तो गेला की आभाळ उघडतं आणि थंडी कडक पडते. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. गोधडी निघाली की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला, तोही असाच मोकळ्या आभाळाखाली. एवढं लक्षात ठेवा: बर्फ पडतो तो दिवस वेगळा, आणि रस्ता घात करतो ती रात्र वेगळी. ती नंतर येते, आभाळ मोकळं झाल्यावर.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. १९९८ चा डिसेंबर. मी बावीस वर्षांचा, सफरचंदाच्या गाडीवर ड्रायव्हरकाकांसोबत. काका मूळचे हिंगणघाटचे, तीस वर्षं स्टिअरिंगवर. काश्मीरात काझीगुंडला बर्फामुळं दोन दिवस अडकलो होतो. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, कडेच्या ढिगांचं पाणी दिवसभर रस्त्यावर वाहिलं. रात्री आभाळ असं स्वच्छ, की चांदण्या हाताला लागतील. पहाटे गाड्या सोडायला सुरुवात झाली. मी म्हटलं, "काका, निघा ना. माल उतरतो आहे, भाव पडेल." काका जागचे हलेनात. मागचे हॉर्न वाजवत पुढे निघून गेले. माझा संताप झाला.

काकांनी मला खाली उतरवलं आणि पुढच्या लहान पुलापाशी नेलं. रस्ता ओला दिसत होता, नुसता ओला, पावसाळ्यातल्या डांबरासारखा. "पाय ठेवून पाह्य." ठेवला, आणि पाठीवर आपटलो. काकांनी हात देऊन उठवलं. म्हणाले, "डोये फसवते, राजा. कानानं गाडी चालव. ओल्या रोडवर टायर बोलते. बोलनं बंद झालं का समज, खाली बर्फ हाय."

उन्हं रस्त्यावर आली तेव्हा, दहाच्या सुमाराला, आम्ही निघालो. टायरांचा चर्रर्र आवाज सुरू होता. एका वळणावर पहाडाची सावली होती. तिथं आवाज एकदम गेला. अशी शांतता मी गाडीत कधी ऐकली नव्हती. काकांनी एक्सलेटरवरून पाय उचलला. ब्रेकला हात नाही, पाय नाही. स्टिअरिंग धरलं तसंच सरळ. गाडी आपल्याच वजनानं सरकत होती. पाच-सहा सेकंद असतील. मग पुन्हा चर्रर्र, आणि काकांनी श्वास सोडला. पुढच्या वळणावर सकाळी हॉर्न वाजवत गेलेली एक गाडी आडवी झाली होती, बर्फाच्या ढिगात रुतलेली. ड्रायव्हर सुखरूप होता. त्याला आम्ही चहा पाजला.

आजही सांगतो, ड्रायव्हरला घाई करणारा मालक हा मालक नव्हे. भाव दोन रुपयांनी पडला तर पडू द्या.

आता पूल आधी का गोठतो? रस्त्याखाली जमिनीची ऊब असते, पुलाला खालून-वरून दोन्हीकडून वारा. शिवाय अंदाजात सांगतात ते तापमान जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचं. रस्ता त्याहून गार असू शकतो. म्हणजे अंदाजात तीन अंश ऐकलेत तरी पुलावर बर्फ असू शकतो. पुन्हा सांगतो, तीन अंश असले तरी. आणि सगळ्यात गार वेळ मध्यरात्र नव्हे, सूर्योदयाच्या आसपासची.

मुलांना घेऊन मनालीला जाणारे खूप आहेत आता. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून तर फारच. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा बघा, हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो, तोही बघा. मोबाईलवरच्या ढगाच्या चित्रावर भरवसा ठेवू नका, ते चित्र घाटातल्या वळणाची सावली दाखवत नाही. टायरांना साखळ्या बांधून घ्या. उतारावर गाडी खालच्या गियरमध्ये ठेवा. आणि घाटात गाडीतली गाणी बंद करा. टायरांचा आवाज ऐकू आला पाहिजे.

काकांनी २००९ साली स्टिअरिंग सोडलं. आमची ती सफरचंदं कळमन्यात दोन दिवस उशिरा पोचली, एकही पेटी न फुटता. नमस्कार.