चार घोडे, एक डावा हात

हा डावा हात नीट पाहा. चार घोड्यांच्या गाडीचे लगाम त्यात आहेत. तर्जनीवरून गेलेली लगामाची वादी पुढच्या जोडीतल्या डाव्या घोड्याची. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात दोन वाद्या, एकीवर एक. वरची पुढच्या उजव्याची, खालची मागच्या डाव्याची. मधल्या बोटाखाली चौथी, मागच्या उजव्याची. उजव्या हातात चाबूक. गरज पडली की तोच हात पुढे येऊन वाद्या लांब-आखूड करतो. इंग्लंडच्या कोचमनांची, म्हणजे घोडागाडी हाकणाऱ्यांची, ही पकड. चार घोडे एकाच्या हाती, म्हणून फोर-इन-हँड.

आता डावं वळण. पुढच्या डाव्याची वादी मागे घेऊन तिचा दुमडलेला भाग अंगठ्याखाली दाबला. पुढची जोडी वळू लागली, मागची मात्र अजून सरळच धरलीय. ती घाईनं वळली तर चाक कोपऱ्यावर चढेल.

हे कसब मुरलं टपालाच्या रस्त्यांवर. २ ऑगस्ट १७८४ ला ब्रिस्टलहून लंडनकडे पहिली टपालगाडी सुटली. कल्पना बाथच्या नाट्यगृहाचे मालक जॉन पामर यांची. ठरावीक मैलांवर घोडे बदलायचे. पहारेकरी लांबूनच भोंगा वाजवायचा आणि नवी चौकडी जुंपायला तयार उभी असायची. कोचमन तोच, घोडे दर टप्प्याला वेगळे. काळोखात त्यांचा स्वभाव त्याला वाद्यांतूनच ओळखावा लागे. त्या वेगापायी घोडे काही वर्षांतच झिजत. पुढे रेल्वे आली, टपालगाड्या थांबल्या.

हौशी श्रीमंतांनी ही पकड जिवंत ठेवली. १८५६ मध्ये लंडनला फोर-इन-हँड ड्रायव्हिंग क्लब निघाला. टायच्या एका साध्या, किंचित तिरक्या गाठीलाही फोर-इन-हँड हेच नाव. कोणी म्हणतं कोचमन ती बांधत, कोणी म्हणतं क्लबच्या सभासदांनी रूढ केली. गाठ जगभर रोज बांधली जाते. पकड येणारे हात मात्र थोडे आहेत, आणि ते वाढायला हवेत.

ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी १९७० च्या सुमारास घोडागाडी हाकण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे नियम घडवून घेतले. पोलो सोडल्यावर ते स्वतःही चौकडी हाकू लागले. स्पर्धेतला हा मॅरेथॉनचा टप्पा. गाडी भरधाव पाण्यात शिरते, मागे उभे साथीदार वळणाकडे अंग झोकून तिचा तोल सावरतात.

शिकणारे थेट घोड्यांपाशी येत नाहीत. आधी वजनं लटकवलेल्या या चार वाद्या आणि तासन्‌तास बोटांचा सराव. मग एका घोड्याची गाडी, मग जोडीची. चौकडी त्यानंतर.