सिग्नलला उभं असलेलं इंजिन

(दृश्य: विद्यापीठ चौक, संध्याकाळ. लाल सिग्नल, दुचाक्यांची गर्दी.)

संध्याकाळचे सात वाजलेत. गाडी तसूभर हलत नाहीये, पण इंजिन चालू आहे आणि पेट्रोल जळतंय. ते जातंय कुठे?

बरंचसं उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि सिलिंडरवरच्या फिन्समधून निघून जातं. पिस्टनला जी थोडी ताकद मिळते, ती इंजिन स्वतःवरच खर्च करतं. हवा आत ओढायची, ऑईल पंप फिरवायचा, वीज तयार करणारा मॅग्नेटो फिरवायचा आणि आपल्याच भागांचं घासणं सोसायचं. चाकापर्यंत काहीच पोचत नाही. शहरात रोज असं थांबत-थांबत गाडी चालवणाऱ्याला घर्षणाचा हिशेब हायवेवाल्यापेक्षा जास्त महाग पडतो. म्हणून ही गोष्ट पुण्यातून सांगतोय.

(दृश्य: कापून उघडं केलेलं इंजिन, पिस्टनच्या वर-खाली होण्याने हळूहळू फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक.)

इंजिनातल्या घर्षणाचा साधारण निम्मा वाटा पिस्टन, त्याच्या भोवतीच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंतीचा असतो. बाकीचा क्रँकच्या बेअरिंगांचा, व्हॉल्व्ह आणि ते उघडणाऱ्या कॅमचा, पंपांचा.

बेअरिंगचं कोडं आधी सुटलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. ऑईल घालायला त्यांनी वरून एक भोक पाडलं, तर आस फिरू लागल्यावर ऑईल त्यातून उलटं वर येऊ लागलं. भोकाला लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग त्यांनी तिथे प्रेशर गेज लावला आणि उलगडा झाला: फिरणारा आस स्वतःच ऑईलला आत ओढतो, दाब तयार करतो आणि त्या दाबावर तरंगतो. तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. मुंढव्यात घडवलेला क्रँकशाफ्ट असो की खडकीत बांधलेलं डिझेल इंजिन, त्याची बेअरिंगं आजही याच तत्त्वावर चालतात. धातू धातूला जवळपास लागतच नाही.

पिस्टनचं दुखणं वेगळं आहे. तो थांबतो. वर एकदा, खाली एकदा. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० वेळा थांबणं. वेग शून्य झाला की ऑईल ओढून आणणारं कुणी उरत नाही. आपला केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो; इथे एक-दोन मायक्रॉनचा थर, तोही तुटतो. नेमकं वरच्या टोकाला, जिथे स्फोटाचा दाब आणि उष्णता सर्वांत जास्त, तिथे रिंग भिंतीला भिडते.

(दृश्य: नाना पेठ. बोअरिंगचं एक छोटं दुकान. कारागिराचं नख सिलिंडरच्या आतून फिरतंय.)

"इथं नख अडतंय बघा," काका म्हणतात. सिलिंडरच्या तोंडाशी एक बारीक कंगोरा आहे. वरची रिंग जिथे येऊन थांबायची, तिच्याखालची भिंत झिजली. वरचा भाग रिंगेने कधी शिवलाच नाही, तो तसाच राहिला.

काका बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, मोठा करतात, मग होनिंग, म्हणजे दगडांनी घासणं. दगड फिरतानाच वर-खाली होतात आणि भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा उमटतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर ऑईल टिकणार कुठे? या रेघा त्याची साठवण आहेत. कारखान्यांत आता शेवटी आणखी एक हलका हात फिरवतात: वरची टोकं कापली जातात, खाचा शिल्लक राहतात. पूर्वी नवी गाडी पहिले काही शे किलोमीटर दमानं चालवून जे काम व्हायचं, त्यातलं बरंच आता कारखान्यातच उरकतं.

बाकीचे उपाय नव्या इंजिनांत बघायला मिळतात. रिंगा पातळ झाल्या, त्यांचा ताण कमी केला. पिस्टनच्या अंगावर ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनमचा काळा थर आला. तो मळ समजून पॉलिश पेपरने काढू नका. क्रँक सिलिंडरच्या मध्यापासून जरा बाजूला सरकवतात, म्हणजे स्फोटाच्या वेळी पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड जास्त सरळ राहतो आणि पिस्टन भिंतीवर कमी रेलतो. कॅमवर घसरत व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरला छोटा रोलर बसवतात. याचा फायदा कमी वेगात जास्त, म्हणजे पुन्हा सिग्नललाच.

आणि ऑईल. इथे मला थोडं थांबायचंय, कारण आपल्या हातात एवढीच एक गोष्ट आहे. १०डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडचं ऑईल ४० अंशांना, १०० अंशांच्या मानाने, सहा-सात पट दाट असतं. डिसेंबरच्या पहाटे त्याहूनही दाट. दूध आणायला दोन किलोमीटर जाऊन आलात तर ते नीट तापतही नाही. सगळी फेरी दाट ऑईल ढवळण्यात जाते. म्हणून कंपन्या पातळ ऑईलकडे वळल्या. पण जुन्या, सैल झालेल्या इंजिनात मनानेच पातळ ऑईल ओतलं, तर तोच थर तुटेल जो आपल्याला वाचवायचाय. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो. शिवाय मोटरसायकलचा क्लच बहुधा इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारचं, घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं ऑईल त्यात घातलं, तर क्लच सटकतो. त्यासाठी डब्यावर 'जासो एमए' हा जपानी मानकाचा शिक्का बघा. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला 'एमबी' चालतं.

(दृश्य: पुन्हा नाना पेठ.)

काकांनी नव्या रिंगांना ऑईल लावलंय. पिस्टन आत सरकतो, सिलिंडर खाली बसतो. किक मारण्याआधी ते मॅग्नेटो हाताने फिरवतात, डोळे मिटून. पहिला फेरा जड जातो. दुसरा थोडा हलका.

"फिरवा तुम्ही," ते म्हणतात. "हाताला कळतं."